मास्तरांची पोटरी

मास्तरांनी स्वतःच्या पोटरीभोवती टेप गुंडाळली, आकडा पाहिला, आणि टेप जरा सैल धरून पुन्हा पाहिला. आकडा काही भीड धरेना. सगळी हयात शिवणकामात गेलेल्या माणसाच्या स्वतःच्याच पँटी आता वाळत घातल्यासारख्या पायांवर लोंबत होत्या.

फुप्फुसाचं जुनं दुखणं त्यांनी अंगवळणी पाडून घेतलं होतं. चार पावलं चालायचं, भिंतीला हात टेकायचा, ओठांचा चंबू करून 'फूऽ' करत श्वास सोडायचा आणि पुढे निघायचं. पण गेल्या आठवड्यात नातीला, म्हणजे ठकीला, उचलताना गुडघ्यांनी दगा दिला आणि आजोबा-नात मटकन सोफ्यावर बसली. ठकीला तो खेळ वाटला. तिच्या बापाला वाटला नाही.

"तपासणी होईपर्यंत तिला उचलायचं नाही," त्याने फर्मान काढलं. "या आजारात पायांचं मांस झडतं म्हणे. पोटरीचं माप घेतील, खुर्चीतून उठायबसायला लावतील, मग बघू."

"माप मीच घेऊन ठेवतो की."

"तुम्ही नाही, बाबा. त्यांना घेऊ दे."

तेव्हापासून ठकी हात वर करून समोर उभी राहायची आणि मास्तर उगाच चष्मा पुसत बसायचे.

पण मास्तरांनी आजवर कितीतरी उतरते खांदे भरून दिले होते. बसक्या छातीचे नवरदेव त्यांच्या कोटात पैलवान दिसले होते. दोन पोटऱ्यांची ती काय कथा. कापूस आणि कॅनव्हासच्या दोन गुबगुबीत गाद्या त्यांनी पँटीच्या आतून कच्च्या टाक्यांनी टाचल्या. काम झालं की ओढून काढायला सोप्या. माप कपड्यावरूनच घेतात, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. गिऱ्हाइकाच्या उघड्या अंगाचं माप त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं.

दवाखान्यात ठकीला कडेवर घेऊन सून सोबत आली होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हसून खुर्ची पुढे केली. "आजोबा, आधी उठाबशा. हात छातीवर. माप नंतर."

मास्तर उठले, बसले. उठले, बसले. तिसऱ्या वेळी डाव्या पायात काहीतरी तटकन तुटलं. गादी घसरली आणि घोट्यावर जाऊन बसली.

बाईंचं हसू मावळलं. "घोट्याला एवढी सूज? सकाळी होती?"

"नव्हती हो," सून म्हणाली.

बाईंनी वाकून कापडावरूनच बोट दाबलं. "खड्डा पडतोय." कापसात खड्डा पडणारच. त्या पँट वर सरकवायला गेल्या, तर मास्तरांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. "राहू द्या, सुनेसमोर नको." आणि या झटापटीत उजवी गादीही खाली आली.

"दुसऱ्या पायालाही! डॉक्टर, जरा येता का?"

डॉक्टर धावत आले. चाकाची खुर्ची आली. फुप्फुसाच्या पेशंटला अशी सूज म्हणजे हृदयावर ताण असू शकतो, आजच भरती करावं लागेल, असं कुणी कुणाला सांगत होतं. मास्तर पँट धरून बसले होते. खरं सांगावं तर ठकी हातची जाणार. न सांगावं तर पलंग तयारच होता.

एवढ्यात सुनेचे डोळे भरून आलेले त्यांना दिसले.

"सूनबाई, रडू नकोस," ते हळूच म्हणाले. "सूज माझ्या हातची आहे." आणि त्यांनी पँटीतून गादी ओढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी गादी उलटसुलट करून पाहिली. "हे कोटाच्या खांद्याचं आहे का?"

"छे. खांद्याचं इतकं गोल नसतं," मास्तर दुखावल्यासारखे म्हणाले.

बाईंनी खरं माप घेतलं. उघड्या पोटरीचं. "कमी झालीय," त्या म्हणाल्या, "पण भरून येईल, आतून. इथे येऊन व्यायाम करा, नीट जेवा, घरात रोज चाला. तोवर उचलाउचली बंद."

मास्तरांनी मान खाली घालून ऐकलं आणि शिस्तीत केलं. रोज ते व्हरांड्यात फेऱ्या घालू लागले. ठकी नुकती पावलं टाकायला लागली होती. ती त्यांचं बोट धरून सोबत निघायची. खुर्चीतून उठाबशा सुरू झाल्या की ती वाकून त्यांच्या पँटीत गादी शोधायची. तिच्या आईने तिला तेवढं शिकवलं होतं.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणीचा दिवस आला तेव्हा बाईंनी आधी मास्तरांच्या दोन्ही पायांवरून हात फिरवला, मगच टेप काढली.

"अस्सल आहे," त्या म्हणाल्या. "उचला आता नातीला. बसूनच घ्या आधी, मग हळू उठा."

मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांनी हात पसरले. ठकीने मान हलवली. "नको. मी चालते." आणि गेलीसुद्धा तुरूतुरू दाराकडे.

मास्तरांचे हात तसेच राहिले. सून काही बोलणार, इतक्यात ठकी चौथ्या पावलावर थांबली. तिने भिंतीला हात टेकला, ओठांचा चंबू केला आणि मोठ्या गांभीर्याने 'फूऽ' केलं.

"अरेच्चा," दारातून आत येणारे डॉक्टर म्हणाले, "हिला काय झालं?"

"काही नाही," सून हसू दाबत म्हणाली. "तिला वाटतं, चालतात ते असंच."

ठकीने आणखी एकदा 'फूऽ' केलं, मागे वळून आजोबांकडे पाहिलं, आणि दमल्यासारखं तोंड करून दोन्ही हात वर केले.