मुंगीच्या अटी

“तिला कशाला विचारतोस? लायब्ररीत पुस्तकांना लेबलं चिकटवायची ती, तिला यातलं काय कळणार?” मोठे दीर बंद दाराआड हळू बोलत होते. (त्यांचं हळू बोलणं जिन्यापर्यंत ऐकू जायचं.) चहाचा ट्रे घेऊन ती दाराशीच थांबली.

आत दोघा भावांचा जीव टांगणीला लागला होता. औषधांच्या दुकानासाठी केलेला प्रोग्रॅम परवा सोपवायचा होता. नोकरी सोडल्यावरचं नवऱ्याचं हे पहिलंच काम. आणि आज कळलं, की नेटवरून फुकट घेतलेल्या दोन भागांचं एकमेकांशी मुळीच पटत नाही. औषधांची यादी सांभाळणाऱ्या भागाची अट अशी, की प्रत्येक जाहिरातीत आमचं नाव छापा. लेबलं छापणारा भाग म्हणत होता, मला घ्याल तर सगळा प्रोग्रॅम माझ्याच अटींवर जगाला खुला करा, वर दुसऱ्या कुणाची जादा अट चालणार नाही.

“वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव दोघांना,” दीर म्हणाले.

“दादा, खोल्या वेगळ्या केल्या तरी घर एकच ना?”

“मग अटींची फाइलच उडव. कोण बघतंय?”

“दुकानदाराचा वकील बघतोय. आणि लेबलांचं नव्याने लिहायचं तर महिना जाईल.” नवऱ्याने सुस्कारा सोडला. “ज्याने लिहिलंय त्यालाच विनवतो. कुणी ‘मुंगी’ म्हणून आहे.”

तिने चहा आत दिला आणि ती स्वयंपाकघरात आली. पाचव्या मिनिटाला तिचा फोन थरथरला. ‘आदरणीय महोदय, आपल्या अफाट बुद्धिमत्तेपुढे नतमस्तक होऊन...’

ओट्याला टेकून तिने ते तीनदा वाचलं. लग्नाला चार महिने झाले होते, पण नवऱ्याकडून इतकं गोड पत्र पहिल्यांदाच येत होतं. (दुसरं अर्ध्या तासाने आलं. त्यात ‘पाया पडतो’ होतं.) तिसऱ्याची वाट बघायचा मोह तिला झालाच. पण तेवढ्यात तो पाणी प्यायला आला आणि रिकामाच ग्लास तोंडाला लावून परत गेला. तिला राहवेना.

“मुंगी म्हणजे मीच,” ती आत जाऊन म्हणाली. “लायब्ररीसाठी घरी बसून लिहिलं होतं. तुमच्यापुरत्या अटी सैल केल्यात. मेल बघा, वकिलालाही दाखवा.”

नवरा आधी फोनकडे, मग तिच्याकडे आणि आपण काय काय लिहून बसलोय ते आठवून फरशीकडे बघू लागला. दीर मात्र चटकन सावरले. “बरी सापडलीस. मग सांग, दर सातवं लेबल उलटं का छापलं जातं?”

तिने चहाचे रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले.

“भाऊजी,” ती अखेर म्हणाली, “ते मी दोन वर्षं शोधतेय.”