केसभर राहिलंय

दामू सायलेन्सरमागे उशीचा अभ्रा धरायचा. धुतलेला, पांढरा. गाडी सुरू करून पाच मिनिटं धरायचा, मग घडी घालून नाकाला लावायचा आणि डोळे मिटायचा. गजरा हुंगावा तसा. आमची ठाकुर्लीची बैठी चाळ, आणि माझी खिडकी नेमकी त्या सायलेन्सरसमोर. मी रोज सकाळी खिडकी आपटून लावायचे आणि ओरडायचे, "बंद कर रे ते धूड!"

"आक्का, केसभर राहिलंय," तो म्हणायचा.

केसभर हा त्याचा जप. भाजीत मीठ केसभर जास्त, माझ्या दाराची कडी केसभर तिरकी. विचारायचा नाही, पेचकस आणून सरळ करून जायचा. मानपाड्याच्या कारखान्यात जन्म फिटरकीत गेला, तिथलीच ही खोड.

गाडी त्याच्या शेठची. जुनी, परदेशी. शेठ मुलाकडे राहायला गेला आणि ती दामूच्या दारात सोडून गेला. नव्वद सालानंतरचे दिवस, पण आपल्याकडे तेव्हाही बहुतेक गाड्या कार्बोरेटरच्या. हिच्यात पेट्रोल फवाऱ्याने जायचं. गॅरेजवाले बॉनेट उघडायचे, आत बघायचे आणि परत लावायचे. "काका, आपल्या हातातलं काम नाही." मग दामूनेच हात घातला. इंजिनात एक बारीक भोक, त्याच्या तळाशी स्क्रू. लांब चावी घालून तो फिरवायचा. इकडे फिरवला की पेट्रोल वाढतं, काळा धूर. तिकडे फिरवला की हवा वाढते, गाडी आचके देऊन बंद. मधली जागा काही सापडत नव्हती.

गाडीची गरज शालूसाठी होती. शालू त्याची बायको, दमेकरी. बसच्या धुळीत, गर्दीत तिचा जीव घाबरायचा, म्हणून ठाण्याच्या डॉक्टरकडे गाडीने न्यायचं ठरलं. पहिल्याच खेपेला आत पेट्रोलचा वास कोंडला आणि शिळफाट्याला तिचा श्वास अडकला. तिथूनच परत. उतरल्यावर ती म्हणाली, "आता मेल्यावर घाला मला ह्यात." तेव्हापासून डॉक्टर बंद. रात्ररात्र भिंतीला टेकून बसायची. ती भिंत माझीही, खोकला मला ऐकू यायचा. आणि सकाळी हा बाबा गाडी हुंगायचा. मी म्हणे, ह्याला बायकोपेक्षा ते लोखंड प्यारं.

एका सकाळी मलाच बोलावलं. "आक्का, आत बसा. मी सांगितलं की पायाने दाबायचं."

"मी? चौथी शिकलेली बाई!"

"पाय कितवी शिकलाय ते गाडी विचारत नाही."

त्याने ती लांब चावी भोकात फिरवायची, बाहेर काढायची, मगच मी रेस द्यायची. चावी आत असताना रेस दिली तर ती वाकते. हे त्याने तीनदा सांगितलं होतं. पण माझं दूध गॅसवर, आणि हा बॉनेटखाली डोकं घालून बसलेला. मी कंटाळून पाय दाबला.

"आक्का, चावी आत!"

वाकडी चावी हातात घेऊन तो जमिनीवरच बसला. ओरडला असता तर मीही ओरडले असते. तो म्हणाला, "शालूचा मंगळवार गेला."

"कसला मंगळवार?"

"डॉक्टरचा. दोन महिन्यांनी नंबर लागलाय. परवा."

मी खाली उतरले. अभ्रा टपावर होता. "हा कुणाचा?"

"तिच्याच उशीचा. रोज बघतो, परत उशीला घालता येतो का."

मी घरात गेले, गॅस बंद केला आणि लोखंडी खलबत्ता आणून त्याच्यापुढे आदळला. त्याने खलावर चावी ठेवून बत्त्याने हळूहळू सरळ केली. दुसऱ्या दिवशी मी परत आत बसले. सांगेल तेव्हाच दाबलं. दूध उतू गेलं, जाऊ दिलं. शेवटी त्याने अभ्रा हुंगला आणि माझ्याकडे दिला. साबणाचा वास होता, दुसरा नाही.

शालू काही तयार होईना. मीच गेले. "मी हुंगलाय अभ्रा. ऊठ."

"आक्का, खरंच वास नाही?"

"असता तर मी गप्प बसले असते?"

हे तिला पटलं.

मंगळवारी दुपारी गाडी परत आली आणि माझ्या खिडकीसमोर उभी राहिली. इंजिन चालूच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी ओरडायला तोंड उघडलं, तर दामूने ओठांवर बोट ठेवलं. शेजारी शालू झोपली होती. तोंड उघडं, श्वास एकसारखा. किती महिन्यांनी कोण जाणे.

"शिळफाट्यापासून," तो कुजबुजला. "इंजिन बंद केलं तर जागी होईल."

मी खिडकी उघडीच ठेवली.

शालूची मान केसभर तिरकी झाली होती. ती मात्र त्याने सरळ केली नाही.