देवरे बाईंची हातोडी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या देवरे बाई घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी त्याच्या गुडघ्यावर हातोडी मारतात. हातोडी रबराची आहे, लागत नाही. दाराशेजारी त्यांनी मुद्दाम एक उंच स्टूल ठेवलंय. त्यावर बसायचं, पाय मोकळे सोडायचे, की बाई गुडघ्याच्या वाटीखाली टक्कन मारतात. पाय आपोआप उडतो. तो उडाला की बाईंचा चेहरा एकदम उजळतो. "छान! या, बसा," म्हणतात, आणि मग पाणी, चहा, चिवडा सगळं रीतसर सुरू होतं.

यातून कोणी सुटलेलं नाही. कुरियरवाला, सिलिंडरवाला, मतदारयादी घेऊन आलेले मास्तर, सगळे त्या स्टुलावर बसून गेलेत. आमच्या सोसायटीचे चेअरमन एकदा तावातावानं भांडायला गेले होते. बाईंनी त्यांना आधी स्टुलावर बसवलं. चेअरमनचा पाय असा उडाला की टीपॉयवरची फुलदाणी थेट टीव्हीवर. बिचारे भांडण विसरून माफी मागायला लागले.

"माफी कसली मागता? तुम्ही काही केलंच नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या मेंदूला कोणी विचारलंच नाही. मणक्यानं परस्पर निकाल लावला. निरोप पोहोचला?"

"निरोप पोहोचला?" हे बाईंचं पालुपद. आपण "समजलं का?" म्हणतो तिथं त्या हे म्हणतात. जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, पण त्यांच्या लेखी जीवशास्त्रात धडा एकच, मज्जासंस्था. बाकी पचन, श्वसन वगैरे मंडळी त्या संस्थेत नोकरीला आहेत असं त्या मानतात. माहेर देवळ्याचं. यजमान एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. बाई एकट्याच राहतात. एकट्या असल्या तरी घरातून बोलण्याचा आवाज येत असतो, कारण त्या बातम्या देणाऱ्यांनाही शिकवतात.

त्यांना बरोबर घेऊन मिसळ खायला जाणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं. मी एकदा गेलो. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी आपला म्हणालो, काय चव आहे! झालं. बाईंनी चमचा खाली ठेवला आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तिखट ही चवच नाही! गोड, आंबट, खारट या चवी. तिखट ही वेदना आहे, वेदना! भाजल्याचा निरोप ज्या तारांवरून जातो, त्याच तारांवरून हा जातो. तुम्ही सगळे इथे रविवारी सकाळी लाइन लावून वेदना खाताय." गल्ल्यावरचा मालक बघतच राहिला. मग कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं, "मालक, इकडं अजून एक वाटी वेदना द्या!" आजही त्या दुकानात जादा तर्रीला जुनी गिऱ्हाइकं वेदना म्हणतात.

सोसायटीतली कॉलेजची पोरं पार्किंगमध्ये गाड्या उडवतात, त्यांची वकिलीही बाईच करतात. "कपाळामागचा मेंदू पंचविशीपर्यंत पुरता होत नाही. काम चालू आहे तिथे. रागावून काय उपयोग?" चेअरमन म्हणाले, "बाई, माझी पन्नाशी उलटली, माझं काम तरी पुरं झालंय ना?" बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि "बघू," म्हणाल्या.

द्वारका चौकात रिक्षा अडकली की त्या रिक्षावाल्याला सांगतात, "मज्जातंतूवर चरबीचं वेष्टण असतं आणि त्यात मध्येमध्ये फटी असतात. निरोप एका फटीतून दुसऱ्या फटीत उड्या मारत जातो, म्हणून लवकर पोहोचतो." रिक्षावाला म्हणतो, "आजी, मला पण उडी मारता आली असती तर मी इथं कशाला थांबलो असतो?"

दिवाळीचा फराळ बाई आमच्याकडेच करतात. एकटीपुरता काय करायचा, म्हणून माझ्या बायकोनं, सुनंदानं, फार पूर्वी त्यांना ओढून आणलं, ते आजतागायत. करंज्यांची मुरड घालावी तर बाईंनीच. फक्त एक लहर आहे. तळताना एखादी करंजी तेलात फुटली तर ती त्या कुणाला टाकू देत नाहीत. आपल्या ताटलीत घेतात. आणि फुटली म्हटलेलं त्यांना चालत नाही. "उघडी राहिली म्हणा," म्हणतात. एवढ्या लहरी पचवल्या होत्या, त्यात आणखी एक. आम्ही हसून बाजूला व्हायचो.

तर अशा या बाई माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीला येऊन बसल्या. केतकीचं स्थळ दिंडोरीचं, द्राक्षबागायतदाराचं घर. मुलगा संदीप चांगला, केतकीनंच शोधलेला. बाईंनी आल्याआल्या आमच्या स्वयंपाकघरातलं उंच स्टूल आणून व्याह्यांना त्यावर बसवलं. त्यांचा पाय उडाला, "छान" झालं. मग बाई म्हणाल्या, "बाळाच्या मेंदूत सुरुवातीला जोडण्या भाराभर फुटतात. मग लागत नाहीत त्या मेंदू स्वतःच काढून टाकतो." व्याही खूश होऊन म्हणाले, "म्हंजे आमची छाटणीच की! जास्तीच्या काड्या ठेवल्या तर घड भरत नाय." दोघांचं असं जमलं की हुंडा-मानपान राहिलं बाजूला, दोन तास मेंदूची छाटणी चालली.

विहीणबाईंचं मात्र जमलं नाही. विहीणबाई म्हणजे कडक बाई. हातोडी पाहून त्यांनी पदर गुडघ्यावर ओढून घेतला. "माझ्या गुडघ्याला काय झालेलं नाय. हात नाय लावायचा," म्हणाल्या. बाईंनी हातोडी पर्समध्ये ठेवली, पण त्या दिवशी त्यांना चैन पडलं नाही. पाय न पाहिलेला माणूस घरात बसलाय, हे त्यांना सोसत नव्हतं.

मे महिन्यात लग्न झालं. रिसेप्शनला स्टेजवर रांग लागलेली. कोणी पाकीट देतंय, कोणी पुष्पगुच्छ. देवरे बाई आल्या त्या पालकाची जुडी घेऊन. जुडीला लाल रिबीन, आणि रिबिनीत गोळ्यांच्या दोन पट्ट्या खोचलेल्या. त्यांनी ते केतकीच्या हातात ठेवलं आणि माइकशिवाय सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मज्जासंस्थेसाठी आहेत. रोज एक. चुकवायची नाही. निरोप पोहोचला?"

निरोप पोहोचला, पण भलतीकडेच. विहीणबाई शेजारी उभ्या होत्या. मज्जासंस्था म्हणजे डोकं, डोक्याच्या गोळ्या म्हणजे फिट्स, आणि शेजारीण रोज एक गोळी चुकवू नको म्हणते म्हणजे पोरीला फिट्स येतात आणि आईबापांनी ते लपवून लग्न लावलं. विहीणबाईंनी स्टेजवर उभ्याउभ्या इतका हिशोब केला. फोटोत त्यांचा चेहरा बघा, सगळा कळतो.

पुढचे महिने आमच्या पोरीनं कसे काढले, ते तिचं तिला माहीत. तिला गॅसपाशी एकटं सोडायचे नाहीत. विहिरीकडे जाऊ द्यायचे नाहीत. स्कूटरची किल्ली गायब. हातातून एक कप पडला तर घरभर शांतता. तिनं सांगून पाहिलं, संदीपनं सांगून पाहिलं. "तू गप रे, तुला तर आंधळाच केलाय," असं त्याला उत्तर. शेवटी विहीणबाईंनी एक पट्टी गुपचूप मेडिकलवाल्याला दाखवली. तो म्हणाला, "काकू, या बाळासाठी असतात." झालं, आगीत तेल. लग्नाच्या स्टेजवरच बाळ? विहीणबाईंनी बोटांवर महिने मोजायला घेतले. लग्नाला चार महिने होऊनही पोट दिसेना, तेव्हा तो संशय फिटला, म्हणजे पुन्हा फिट्सवर गाडी आली.

केतकी फोनवर हसून सांगायची, पण हसणं दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. "बाबा, त्या माझ्याशी वाईट नाही वागत. पण मी काचेची असल्यासारखं बघतात. आणि आमच्या खोलीत सतत कांद्याचा वास येतो, तो कशाचा तेही कळत नाही." मी रागानं समोरच्या दारावर गेलो. बाईंना सगळं सांगितलं. त्या स्वतःच स्टुलावर बसल्या. एवढंच म्हणाल्या, "दिवाळसणाला त्यांनाही बोलवा."

जावयाच्या पहिल्या दिवाळीला विहीणबाई आल्या, सुनेवर नजर ठेवायलाच आल्या असाव्यात. दुपारी आमच्या स्वयंपाकघरात करंज्या चालल्या होत्या. सुनंदा कढईपाशी, केतकी पाऱ्या लाटतेय, बाई मुरड घालताहेत. मी दारात बसून खोबरं किसत होतो, म्हणजे मला तसं बसवलं होतं. विहीणबाई थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग सरळ विषयालाच हात घातला.

"बाई, तुम्ही शिकल्यासवरल्या. खरं सांगा. माझ्या सुनेला काय हाय?"

केतकीचं लाटणं थांबलं. बाईंनी एक पारी उचलून तळहातावर घेतली.

"हे बघा. बाळ अगदी सुरुवातीला असं चपटं असतं, या पारीसारखं. मग पाठीच्या मधोमध एक घळ पडते. दोन्ही कडा वर येतात, अशा. एकमेकींना भेटतात आणि मिटायला लागतात. आधी मध्ये, मग दोन्ही टोकांकडे. त्याची नळी होते. वरच्या टोकाचा मेंदू होतो, खाली पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू."

"मुरडच घालायची म्हणा की," विहीणबाई म्हणाल्या. करंज्यांत त्यांचा हात कोणी धरत नाही.

"मुरडच. आणि तुम्ही मुरड घालण्याआधी कडेला काय लावता?"

"दुधाचं बोट. नायतर कड धरत नाय, तेलात उकलते."

"त्या गोळ्यांत पालकात असतं तेच फॉलिक ॲसिड आहे, म्हणजे दुधाचं बोट. कड धरायला मदत करतात. आणि बाईला दिवस राहिल्याचं कळेपर्यंत ही मुरड घालून झालेली असते. मग दूध लावून काय उपयोग? म्हणून मी लग्नातच देते. ज्या ज्या मुलीच्या लग्नाला जाते, तिला देते. केतकीला काही झालेलं नाही. तिचा गुडघा मी ती एवढी होती तेव्हापासून बघतेय."

विहीणबाई पारीकडे बघत राहिल्या. मग केतकीकडे बघितलं. मग एकदम कपाळावर हात मारला.

"अगं माय! आणि मी सहा महिने हिच्या उशीखाली कांदा ठेवत होते! फिट आली तर हुंगवायला!"

मग केतकी जी हसायला लागली, ती लाटणं टाकून खाली बसली. "मी त्या वासावरून संदीपला रोज आंघोळ करायला लावत होते!" सुनंदा हसली, मी हसलो, विहीणबाई तर डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. "पोरी, रोज ताजा ठेवायचे गं, आपल्याच मळ्यातला!" म्हणत त्यांनी केतकीला जवळ ओढलं.

त्या गोंधळात कढईकडे कोणाचं लक्ष नव्हतं. एका करंजीची कड सुटली, सारण तेलात पसरलं. "अगंबाई, फुटली," म्हणत सुनंदानं झाऱ्यानं ती बाहेर काढली. देवरे बाईंनी सवयीनं ताटली पुढे केली.

"फुटली नाही म्हणायचं. उघडी राहिली."

आम्ही दरवर्षी ऐकतो तेच वाक्य. आम्हाला त्यात काही वाटलं नाही. विहीणबाईंचं हसू मात्र थांबलं. त्या जरा पुढे सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुम्ही करंजीचं बोलत नाय. कोणाचं बोलताय?"

बाई नेहमी प्रमाण भाषेत बोलतात, वर्गात बोलल्यासारखं. त्या दिवशी त्यांच्या तोंडून माहेरची अहिराणी आली. "मनी पोर बी आशीच व्हती," म्हणाल्या. मनी म्हणजे माझी. मग ताटलीतल्या करंजीकडे बघत पुढे सांगितलं. "पाठीची मुरड मिटली नव्हती. वर्षभर होती माझ्यापाशी. हसायची, हात द्यायची, सगळं. मी बोटानं तिच्या गुडघ्यावर टकटक करून बघायचे. रोज बघायचे. पाय हलायचा नाही. निरोप पोहोचायचाच नाही हो. त्या वर्षी मी वर्गात हाच धडा शिकवत होते. नळी मिटते, एवढंच पुस्तकात होतं. मिटली नाही तर काय, ते नव्हतं."

इतकी वर्षं आमची दारं समोरासमोर. किती वेळा त्या स्टुलावर बसलो असेन, पाय उडाला की त्या एवढ्या का खूश होतात, हे मी कधी विचारलं नाही. मी खोबरं किसत राहिलो. खोबरं केव्हाच संपलं होतं.

विहीणबाईंनी ताटलीतली ती करंजी उचलली. तिचे दोन तुकडे केले, एक बाईंना दिला, एक स्वतः खाल्ला. "लय खुसखुशीत झालीय," म्हणाल्या. मग हात धुतले, पुसले, आणि ओट्याशेजारी आमचं फळीवरचे डबे काढायचं उंच स्टूल असतं, त्यावर चढून बसल्या. पातळ गुडघ्यापर्यंत सारखं केलं आणि पाय मोकळे सोडले.

"काढा तुमची हातोडी."

बाईंनी पर्स शोधली. हाताला पीठ होतं, हातोडीलाही लागलं. त्यांनी वाटीखालची जागा बोटानं चाचपली आणि टक्कन मारलं. विहीणबाईंचा पाय असा उडाला की खालचा सारणाचा डबा आडवा झाला आणि किसलेलं खोबरं माझ्या मांडीवर आलं.

"छान!" देवरे बाई म्हणाल्या. डोळे भरून वाहत होते आणि चेहरा उजळला होता. "या, बसा."