गुप्तहेर काही केल्या मरेना

एका मंगळवारी सकाळी दाढी करता करता मास्तरांनी गुप्तहेराला मारायचं ठरवलं.

निर्णय तसा लहानच. तोंडाला फेस लावून आरशासमोर उभा राहिलेला माणूस घेऊन घेऊन किती मोठा निर्णय घेणार? पण त्यामागे कितीतरी वर्षांचा शीण होता. मास्तर आणि त्यांचे मित्र वकील, दोघं मिळून कादंबऱ्या लिहीत. (मास्तरांनी शाळा केव्हाच सोडली होती आणि वकिलांना वकिलीने सोडलं होतं, पण नावं चिकटली ती चिकटलीच.) प्रत्येक कादंबरीत तोच गुप्तहेर आणि त्याचा तोच ओव्हरकोट. स्टेशनावरच्या स्टॉलवर पुस्तकं धडाधड खपत. मास्तरांना मात्र हल्ली तो ओव्हरकोट नुसता आठवला तरी घाम फुटायचा. उरलेलं आयुष्य खिडकीत बसून काढावं, आणि समोर कुणाचा खून पडला तरी ढुंकून बघू नये, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

"मग वकीलभावोजींना सरळ सांगा ना," बायको म्हणाली. "ते काय तुम्हाला खाणार आहेत?"

"अगं, त्याचा जीव आहे त्या गुप्तहेरात. कुठल्या तोंडाने सांगू?"

तोंडाने जमत नाही तर पेनाने, असं मास्तरांच्या डोक्यात आलं. दोघांचा एक नियम होता. एक प्रकरण मास्तरांनी लिहायचं, पुढचं वकिलांनी. आणि दुसऱ्याने लिहिलेल्यातलं अक्षरही खोडायचं नाही. जे घडलं ते घडलं, तिथून गाडी पुढे न्यायची. (पहिल्या कादंबरीच्या वेळी हा नियम नव्हता. तेव्हा दोघांनी एकमेकांचं इतकं खोडलं होतं की शेवटी फक्त शीर्षक शिल्लक राहिलं.) म्हणजे मास्तरांनी एकदा 'मेला' असं लिहिलं की मेलाच! मित्र थकलाय, हे वकिलांना आपोआप समजेल. भांडण नको, रडारड नको.

मास्तरांनी गुप्तहेराला सातव्या मजल्यावरून खाली ढकललं. वकिलांचं घर रस्त्यापलीकडेच होतं. बायको प्रकरण पिशवीत घालून पोचवून आली. मास्तर त्या दुपारी गाढ झोपले.

दोन दिवसांनी वकिलांची बायको उत्तर घेऊन आली. सातव्या मजल्याखाली नेमका गाद्यांचा टेम्पो उभा होता.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी गुप्तहेराच्या कॉफीत विष घातलं आणि वर डॉक्टर बोलावून मृत्यूची खात्रीही करून घेतली. वकिलांकडून प्रकरण आलं, तेव्हा डॉक्टर तोतया निघाला. मास्तर इरेला पेटले. त्यांनी गुप्तहेराला खड्ड्यात पुरलं आणि वर सिमेंट ओतलं. उत्तर आलं, की सिमेंटखाली आहे तो त्याचा जुळा भाऊ.

"जुळा भाऊ!" मास्तर जेवणावरून उठले. "याला भाऊ आहे हे इतक्या वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नाही ते?"

"तुम्हीच लिहिता ना?" बायको म्हणाली. "खाली बसा. आमटी निवतेय."

आता उरलं पाणी. बुडून मरणाऱ्याला नेमकं काय वाटतं, ते एकदा बघावं म्हणून मास्तरांनी न्हाणीघरात बादलीत डोकं घातलं. (अभ्यासाशिवाय लिहायचं नाही, हा त्यांचा बाणा.) नेमकी त्याच वेळी बायको आत आली. तिने अशी किंकाळी फोडली की दचकून मास्तरांचं कपाळ बादलीच्या काठावर आपटलं आणि चष्म्याची काडी मोडली.

"बस्स झालं!" बायको रडतच ओरडली. "तो मेला काय नि जगला काय, मला माझा नवरा हवाय! आत्ताच्या आत्ता जा आणि सांगून या!"

कपाळावर टेंगूळ आणि काडीला दोरा, अशा अवतारात मास्तर रस्ता ओलांडून गेले. वकील कागदांच्या ढिगात बसले होते.

"ये रे. पुढचं प्रकरण आणलंस?"

"नाही आणलं. अरे, तुला खरंच काही कळलं नाही?"

"काय?"

"मी त्याला मारला! एकदा सोडून तीनदा मारला!"

वकिलांनी हातातले कागद खाली ठेवले. "म्हणजे या वेळी मुद्दाम मारलास?"

"या वेळी म्हणजे?"

"अरे, तुझ्या प्रकरणात तो नेहमीच मेलेला असतो. खुर्चीत बसतो काय, उसासे टाकतो काय, दोन-दोन पानं भिंतीकडे बघतो काय! पुढच्या प्रकरणात तोंडावर पाणी मारून मी उठवतो त्याला. मला वाटलं, तेच चाललंय. उलट या खेपेला जरा बरंच वाटलं. निदान काही घडत तरी होतं."

मास्तर कागदांचा ढीग सरकवून खाली बसले. "मी थकलोय रे," ते कसेबसे म्हणाले. "मला थांबायचंय."

"मग थांब की, वेड्या! आधी नाही का सांगायचंस?" वकिलांनी मायेने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "माझी काळजी नको करूस. एकट्याला जमेल मला."

सुटका झाली होती. मास्तरांनी चहा प्यायचा आणि घरी जाऊन खिडकीत बसायचं, एवढंच बाकी होतं. पण ते 'जमेल मला' त्यांना काही केल्या गिळवेना.

"जमेल म्हणजे?" ते ताडकन उठले. "भिंतीकडे बघतो काय? थांब, दाखवतोच तुला!"

घरी येऊन त्यांनी टेबल गाठलं आणि झपाटल्यासारखं लिहिलं. गुप्तहेर छपरांवरून धावला, पोटभर जेवला, खदखदा हसला, प्रेमातसुद्धा पडला. इतकं जिवंत मास्तरांनी जन्मात लिहिलं नव्हतं. शाई वाळायच्या आत त्यांनी कागद बायकोच्या हातात दिले आणि नखं खात समोर उभे राहिले.

तिने शेवटच्या ओळीपर्यंत मन लावून वाचलं. मग पदराने डोळे टिपले.

"कसं झालंय?" मास्तरांनी विचारलं.

"छान उतरलंय हो," ती म्हणाली. "फार शांतपणे गेला बिचारा."