पायरीलगतची जागा

होडी लावायला जागा निवडण्यासाठी सॅन्टनने तीन दिवस घेतले. सोमवार, मंगळवार, बुधवार असे तिन्ही दिवस तो सांडोरहून स्कूटरने पाचूबंदरला गेला, धक्क्यावर एका पालथ्या टोपलीवर बसला आणि वहीत टिपणं काढत राहिला. अडतीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलेल्या माणसाला कुठलीही वस्तू आधी नोंदवल्याशिवाय जागेवर ठेववत नाही. भरती कितव्या पायरीपर्यंत चढते, ओहोटीला चिखल कुठे उघडा पडतो, शेवाळ कुठे आहे, सगळं त्याने लिहून काढलं.

हा सगळा खटाटोप एका गुडघ्यासाठी होता. त्याची बायको सालोमी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. चाळीस वर्षांपूर्वी ती केळीच्या वाडीत नांदायला आली आणि त्यानंतर शिडाच्या होडीत बसली नाही. येत्या मंगळवारी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दोन महिन्यांपूर्वी वाल सोलता सोलता ती एवढंच म्हणाली होती, "बाबाच्या होडीत बसायची तशी एकदा बसले असते. आता कुठलं." आणि पुढची शेंग उचलली होती.

सॅन्टनने मात्र ते मनावर घेतलं. सालोमीचा चुलतभाऊ पॉल याच्याकडे एक जुनी लहान होडी शिडासकट पडून होती. ती त्याने डागडुजी करून दिली आणि सवड मिळेल तेव्हा भावजींना खाडीत नेऊन शिकवलं. पलीकडे जायचं आणि परत यायचं, एवढं सॅन्टनला जमू लागलं. रविवारी सकाळी चर्चमधल्या मिस्सानंतर, भरतीच्या पाण्यावर, निघायचं त्याने मनाशी ठरवलं. सालोमीला होडीत चढवायचं कसं, एवढाच प्रश्न उरला होता. चिखल नको, उडी नको.

अखेर जागा सापडली, अगदी धक्क्याच्या पायऱ्यांना लागून. एक पाऊल उचललं की होडीत. एवढ्या मोठ्या बंदरात इतकी सोयीची जागा तिन्ही दिवस रिकामी कशी, असं त्याच्या मनात आलं होतं. पण कुणाच्या लक्षात आली नसेल, अशी त्याने समजूत घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला इतरांपेक्षा काही जास्त कळलं म्हणून तो जरा लाजलाही.

शनिवारी दुपारी त्याने होडी तिथे आणली आणि पुस्तकात पाहून शिकलेली गाठ मारून बांधली. पाचच्या सुमारास पॉलची मोठी बोट आली.

"भावजी, तुमच्या बाजूला लावू काय? दोर धक्क्यालाच बांधतो. मधी टायर टाकतो, होडीला काय नाय होनार."

"लाव की," सॅन्टन म्हणाला. बंदरात कुणी आपली परवानगी मागावी, याचंच त्याला अप्रूप वाटलं.

पॉलच्या बोटीला व्हिव्हियनची बोट लागली, व्हिव्हियनच्या बोटीला आणखी एक. साडेसहापर्यंत सात बोटी झाल्या. पुढे आणि मागेही तशाच रांगा लागल्या. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बाया एका बोटीवरून दुसरीवर येत होत्या आणि शेवटचा पाय सॅन्टनच्या होडीत टेकून पायरीवर चढत होत्या. कुणी घसरू नये म्हणून त्याने होडीत गोणपाट अंथरलं.

"सर, जागा बाकी झकास पकडलीत," त्यांतली हिल्डा जाता जाता म्हणाली. "आमची सोय झाली."

सॅन्टनला बरं वाटलं. त्याने व्हिव्हियनला सहज विचारलं, "सकाळी किती वाजता निघणार तुम्ही?"

"सोमवारी पहाटे."

"उद्या नाही?"

"उद्या रविवार, सर. मिस्सा नाय काय?" व्हिव्हियनने त्याच्याकडे काळजीने पाहिलं. "तुम्ही जात नाय?"

सॅन्टन जात होता. बत्तीस वर्षं तो चर्चच्या गायनमंडळात होता. आठवडाभर बंदर रिकामं दिसतं कारण बोटी समुद्रात असतात, आणि शनिवारी सगळ्या मिस्सासाठी घरी येतात, हे कुणाच्या नाही तरी त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. बोटी हलवा म्हणावं, तर सात घरांचा रविवार मोडायचा. तो म्हणाला, "नाही, सहज विचारलं," आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मिस्साभर तो मनात एक वाक्य जुळवत होता. 'आपल्याला अडचण होणार असेल तर राहू द्या, परंतु' इथपर्यंत ते आलं आणि फादरांनी शेवटचा आशीर्वाद दिला.

धक्क्यावर पोचल्यावर सालोमीने सात बोटींकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तीन दिवस वही घेऊन बसलात," ती म्हणाली, "नि एकदा माझ्या भावाला विचारलं नाय."

"त्याला कशाला त्रास."

"आता काय करायचं?"

"नुसतं बसून बघतेस? हलणार नाही, पण पाण्यावर आहे."

सालोमी त्याच्या खांद्याला धरून होडीत उतरली. एकाच पावलात उतरली. सॅन्टनचा तेवढा हिशेब बरोबर होता. ती पुढच्या फळीवर बसली आणि तिने हात पाण्यात सोडला. ते पाहून सॅन्टनला जास्तच वाईट वाटलं.

तेवढ्यात बोटीवर राहिलेला डबा न्यायला हिल्डा आली. "सालोमी काय गो? अशी बांधलेल्या होडीत कशाला बसलीस?"

सालोमीने सांगितलं. मंगळवारचं ऑपरेशनही सांगितलं. सॅन्टन घाईघाईने म्हणाला, "पण कुणाला सांगू नका हं."

हिल्डाने डबा तिथेच ठेवला आणि कोळीवाड्याकडे हाक मारली. पाच मिनिटांत पॉल आला, त्याच्यामागे व्हिव्हियन, मग चर्चचे इस्त्रीचे शर्ट न बदललेली आणखी पंधरा माणसं. कुणाचं मटण चुलीवर होतं, कुणाचा पाहुणा दारात.

"भावजी, काल बोलायचं नाय?"

"मी वाक्य तयार करत होतो," सॅन्टन म्हणाला.

एकेका बोटीचं इंजिन सुरू झालं आणि सातही बोटी बाजूला झाल्या. समोर मोकळं पाणी दिसलं. सगळ्यांच्या देखत सॅन्टनने शीड चढवलं. वारा भरला, डोलकाठी कुरकुरली, पण होडी जागची हलेना.

"सर," व्हिव्हियन हळूच म्हणाला, "तुमचा दोर."

सात बोटी सुटल्या होत्या, आणि त्याचीच बांधलेली होती. पुस्तकातली गाठ पाण्याने फुगून अशी घट्ट झाली होती की पॉललाही सुटेना. शेवटी हिल्डाने मासळीची सुरी आणून ती कापली.

मग मात्र होडी निघाली. खाडीच्या मध्यावर पोचल्यावर सालोमी मागे वळली. "शीड जरा सैल सोडा. बाबा सोडायचा तसं." सॅन्टनने सोडलं. "हां," ती म्हणाली, आणि परत येईपर्यंत तिने तोंड पुढेच ठेवलं. तिचे डोळे सॅन्टनला दिसले नाहीत. तिचे खांदे दिसत होते, त्यावरून त्याला पुरेसं कळलं.

ते परतले तेव्हा लोकांची जेवणं खोळंबली होती, म्हणून बोटी पुन्हा रांगेत लागल्या होत्या. पायरीलगत आता पॉलची बोट होती. होडीला जागा उरली होती ती सातव्या बोटीच्या बाहेर.

सॅन्टनचा चेहरा पडला. "तुझा गुडघा..."

पण सातव्या बोटीवरून दोन हात आले आणि सालोमी अलगद वर गेली. तिथून सहाव्या बोटीवर, मग पाचव्या. प्रत्येक बोटीवर कुणीतरी तिला बसवलं, चहा पाजला, माहेरची एखादी गोष्ट काढली. सात बोटी ओलांडायला तिला तास लागला. हातात कुणी दिलेली सुक्या बोंबलांची जुडी घेऊन ती पायरीवर उतरली, बसली आणि नवऱ्याची वाट पाहू लागली.

सॅन्टन अजून चौथ्या बोटीच्या काठाशी उभा राहून विचारत होता, "मी इथून आलो तर चालेल ना?"