धुराड्याखालची दुआ

थोरलीचा समज होता, की आपण दुआ कुजबुजत मागतो. दोन वर्षांपूर्वी एका तापात तिचे कान निम्मे गेले होते, पण ते तिला सांगायची घरात कुणाची छाती नव्हती. नवऱ्याने एकदा विषय काढून पाहिला. "माझे कान ठणठणीत आहेत, तुम्हीच पुटपुटता," असं उत्तर मिळाल्यावर धंद्याने कुलूपवाला असलेला तो स्वतःच्या तोंडाला कुलूप लावून बसला.

त्यात तिची नमाजाची जागा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जुन्या धुराड्याखाली. चूल केव्हाच गेली होती, धुराडं मात्र तळमजल्यापासून गच्चीपर्यंत मोकळं राहिलं होतं. अल्लाह तर मनातलंही ऐकतो. पण थोरलीचं वरचा मजलाही ऐकत होता.

वरच्या मजल्यावर धाकटी जाऊ एकटी राहायची. तिचा नवरा बोटीवर कामाला होता. प्रत्येक खेपेला घरात एक वस्तू यायची. शेवटच्या खेपेला फक्त त्याची पेटी आली.

"या अल्लाह," एका पहाटे थोरली हात पसरून म्हणाली, "तिला एकटीला कपडे धुवायचं मशीन, आणि मी पाच जणांचे कपडे बडवतेय. हेवा नाही करत मी. फक्त तुझ्या कानावर घालते."

दुपारी मशीन खाली आलं.

"जाऊबाई, माझे कपडे ते किती! तुम्हीच वापरा," धाकटी म्हणाली.

थोरली हरखली. "माझी दुआ लागते हो!" तिने नवऱ्याला सांगितलं. मशीन न्हाणीघरात बसलं, पण त्यामुळे न्हाणीघराचं दार लागेना. मग घरातला प्रत्येकजण एका हाताने दार ओढून धरत दुसऱ्या हाताने आंघोळ करू लागला.

पुढच्या दुआत थोरलीने भिंतीवरच्या घड्याळाचा विषय काढला. घड्याळ आलं. ते तासातासाला असे टोले द्यायचं, की मुलं अंथरुणात उठून बसायची. थोरलीला मात्र गाढ झोप लागायची. "किती गोड वाजतं!" ती म्हणायची.

मुलांना ती रोज शिकवायची, की आग लाकूड खाते तसा हेवा माणसाचं पुण्य खातो. शिकवून झालं, की तिला धाकटीचं कपाट आठवायचं.

कपाटही आलं. म्हणजे दारापर्यंत आलं. निम्मं आत, निम्मं बाहेर असं ते चौकटीत रुतून बसलं. हमाल म्हणाले, "चौकट काढायला लागेल, हत्यारं घेऊन येतो." ते गेले ते गेलेच. मुलं जिन्याकडच्या खिडकीतून शाळेत जाऊ लागली. कुलूपवाला दिवसभर लोकांची दारं उघडून द्यायचा आणि संध्याकाळी खिडकीतून स्वतःच्या घरात शिरायचा.

अशाच एका पहाटे थोरली नमाजाला उभी राहिली, तर सजद्यात कपाळ टेकायला जेमतेम जागा. उसासा टाकून तिने हात पसरले.

"या अल्लाह, तिचं घर बघ किती मोकळं झालं! किती शांत! नशीब लागतं बाई."

नवऱ्याने कपाळावर हात मारला.

उन्हं वर आली, तशी कपाटाच्या फटीतून धाकटीची बोटं आत आली. बोटांत किल्ली होती.

"काय म्हणतेय?" थोरलीने विचारलं.

"घरही तुम्हीच घ्या म्हणतेय," कुलूपवाला ओरडून म्हणाला. "ती भावाकडे चाललीय. कायमची."

"अगंबाई! पण मोकळ्या घराचं मी तुम्हालासुद्धा बोलले नव्हते. तिला कसं कळलं?"

तोंडाचं कुलूप अखेर निघालं. "तुझं सगळं अख्ख्या इमारतीला कळतं! धुराडं आहे ते! त्या मशीनसाठी दुआ मागितलीस, तेव्हा तळमजल्यावरचा न्हावी आमीन म्हणाला."

 या दोन वर्षांत आपण काय काय बोललो, ते थोरली आठवू लागली. आठवता आठवता एका ठिकाणी थांबली.  एकदा ती म्हणाली होती, 'तिचं बरंय, नवरा नाही म्हणजे मोज्यांचा वास नाही.'

ती फटीशी गेली. "मोज्यांचं... ते पण ऐकलंस?"

पलीकडून धाकटी हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

नवरा आपल्या पायांकडे बघत राहिला.

"अहो, काय म्हणाली ती?"

 तेव्हा धाकटीनेच फटीला तोंड लावलं. आवाजात राग नव्हता. "म्हटलं, ऐकलं जाऊबाई. त्या दिवशी पेटीतून ह्यांचे मोजे काढून बघितले. वास गेलाय आता."

बोटं मागे गेली. किल्ली थोरलीच्या हातात राहिली. त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. घड्याळ तेवढं वाजत होतं.

पहाटे थोरली धुराड्याखाली बसली. या वेळी तिने आवाज मुद्दाम चढवला.

"या अल्लाह, मला काही नको. आहे तेच मला झेपत नाहीये. ह्यांच्याबद्दल तुझा शुक्र, तुझे आभार; मुलांबद्दल शुक्र, ह्यांच्या मोज्यांबद्दलसुद्धा शुक्र. मी जळत होते, तिच्यावर जळत होते. मला माफ कर. तिला जाऊ देऊ नकोस. माझ्या घरात गोंगाट आहे, जेवायला माणसं आहेत, त्यातलं तिला दे. तिचं मला नको."

नवऱ्याने पाय हळूच चादरीखाली ओढून घेतले.

"काही ऐकू आलं का हो?" तिने विचारलं. कान गेल्याची तिची ही पहिली कबुली.

"खालून न्हावी आमीन म्हणाला."

"आणि वरून?"

कुलूपवाल्याने मान वर करून कान दिला.  मग वर पेटीची कडी वाजली.

थोरलीने त्याचं मनगट धरलं. "चालली का?"

"थांब जरा." जन्मभर कड्याच ऐकलेल्या माणसाने पुन्हा कान दिला. "पेटी उघडली तिने. बांधलेली पेटी जाणारा माणूस उघडत नाही."

थोरलीने तोंडावरून हात फिरवला. थोड्या वेळाने वर पावलं वाजली, ती जिन्याने खाली आली आणि कपाटापाशी थांबली.

"जाऊबाई," फटीतून आवाज आला, "आत कुठून यायचं?"

"खिडकीतून ये गं!" थोरली इतक्या जोरात ओरडली, की खालून पुन्हा एकदा आमीन ऐकू आलं.