पिवळ्या लेबलाचा डबा

घरातल्या साबणालाही बॅच नंबर देणारा माणूस म्हणजे लेबलकाका. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात ते गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते, आणि घरी आल्यावरही प्रमुखच राहायचे. एका संध्याकाळी त्यांनी लेकीच्या नव्याकोऱ्या लिपस्टिकवर पिवळं 'क्वारंटाइन' लेबल चिकटवलं. म्हणजे तपासणी होऊन 'रिलीज' होईपर्यंत हात लावायचा नाही! लेकीचं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तसंच एक लेबल बाबांच्या जेवणाच्या डब्याला फासलं.

नेमकी त्याच दिवशी कारखान्याच्या परवान्याची तपासणी. ती फसली की कारखान्याला टाळं! काकांनी घाईघाईत डबा गोदामातल्या टेबलावर टाकला आणि कामाला धावले. दुपारी पोटात कावळे कोकलायला लागले, तोवर डबा जाळीच्या कपाटात, कुलपाआड.

"अहो, माझा डबा आहे तो! काढा."

"पिवळं लेबल आहे, साहेब," गोदामवाल्या बाई म्हणाल्या. "कुणाच्या बापाने मागितलं तरी द्यायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंय."

"अहो, पण नियम मीच केलाय ना!"

"म्हणूनच तर! तुम्हीच मोडलात तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

"कोणता माल आहे हा?" मागून आवाज आला. तपासनीस!

काकांना दरदरून घाम फुटला. जेवण म्हणावं, तर गोदामात खाणं सापडलं म्हणून बोंब. माल म्हणावं, तर कशाचा?

"इंटरमीजिएट," ते बोलून बसले. "म्हणजे अर्धवट तयार माल. पुढची प्रक्रिया बाकी आहे."

"कोणती प्रक्रिया?"

"पचन," बाई पुटपुटल्या.

तपासनीस हसले नाहीत. त्यांनी डबा उपाहारगृहात नेऊन उघडायला लावला आणि चमचा मागवला. "नमुना वरून, मधून आणि तळातून घ्यायचा," असं म्हणत त्यांनी तो घेतलाही. "ओळख, बटाट्याची भाजी. अशुद्धी, एक करपलेला तुकडा. मर्यादेत आहे. शुद्धता मात्र पुन्हा बघावी लागेल."

त्यांनी ती इतक्यांदा बघितली की डब्याचा तळ चकाकायला लागला. काका नुसते आवंढे गिळत उभे.

"इथे साहेबाचा डबासुद्धा नियमाबाहेर सुटत नाही. वा! कारखाना पास," तपासनीस तोंड पुसत म्हणाले.

संध्याकाळी काका घरी आले ते थेट स्वयंपाकघरात. बघतात तर काय, प्रत्येक पातेल्यावर पिवळं लेबल!

"रिलीज करणारी अधिकृत व्यक्ती बाहेर गेलीये," ओट्यावर पाय हलवत बसलेली लेक म्हणाली. "आई यायला उशीर होईल."

काकांनी पातेल्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. आणि जन्मात पहिल्यांदाच नखाने लेबल सोलायला घेतलं.

"डेव्हिएशन!" लेक किंचाळली. "नियम मोडला! थांबा, आईला रिपोर्टच करते!"

"ओरडू नकोस गं बाई," भरल्या तोंडाने काका म्हणाले, "तुझी लिपस्टिक रिलीज."